सकाळचा पाय

आत्या वॉर्मअप घ्यायची तो पाठमोरी उभी राहून. मुलांकडे तोंड केलं की मुलं चेहऱ्यावर नाटक करतात, पायांना मात्र नाटक जमत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून क्लास सुरू झाला की ती खिडकीकडे वळायची, डोळे मिटायची आणि मागे लाकडी जमिनीवर पडणारी पावलं ऐकत राहायची. कोण जेवून आलंय, कोण भांडून आलंय, कोण नुसतं अंग हलवतंय आणि मनानं घरीच आहे, हे तिला पावलांवरून कळायचं.

खाली सायकलींचं गोदाम आणि वर तायक्वांदोच्या क्लासचा हा लांबट हॉल. एका भिंतीशी लाथा खाऊन खाऊन पोचे पडलेले पॅड, दुसरीकडे दोरीवर वाळत घातलेले हातमोजे. घामाचा आणि रबराचा वास भिंतीत असा मुरलेला की खिडक्या उघड्या टाकूनही जात नसे. इथं सगळे तिला आत्याच म्हणत. भावाची मुलगी, भिंगरी, अगदी लहान असताना दारातूनच "आत्या" म्हणून ओरडत यायची आणि ती हाक साऱ्या क्लासला लागली. क्लासला येणारा, वयानं तिच्याहून मोठा असलेला पोस्टमनसुद्धा तिला आत्याच म्हणायचा.

"आत्या, आज सगळी पत्रं वरच्याच मजल्यांची निघाली," तो म्हणायचा. "जिने चढून चढून तापलोय. मला आज सूट?"

"तुमच्या जिभेचा वॉर्मअप झालाय, पोस्टमन. आता पायांचा करा."

आणि मग ती आपलं गाणं धरायची. ते तिनंच जुळवलेलं. आवाज चढा नाही, जात्यावर बसल्यासारखा एकसारखा.

ऊठ गं टाचे, झोप सरली,
ऊठ गं पोटरी, रात विरली,
गुडघ्या, आपलं दार उघड,
कमरे, तुझी कडी काढ,
खांद्या, ओझं खाली ठेव,
रक्ता, आता गावभर धाव.

अंग म्हणजे झोपलेलं घर, ती नव्यांना समजावून सांगायची. दार धडाधडा वाजवलं तर आतलं माणूस दचकून उठतं आणि दचकून उठलेलं माणूस कुठंही धडपडतं. कडी हळू वाजवायची. एकेकाला नाव घेऊन हाक मारायची.

भिंगरीची पावलं तर तिला गर्दीतही ओळखू यायची. हलकी, बरोबरीची, जुळ्या बहिणींनी हातात हात घालून चालावं तशी. लहानपणी एका पायावर गिरक्या घेत घरभर फिरायची म्हणून पडलेलं नाव आता तिच्या किकला शोभायचं. डाव्या पायावर उभी राहून ती अशी फिरायची की समोरच्याला फक्त वारा लागल्याचं कळायचं, किक नंतर कळायची.

आणि एका संध्याकाळी त्या जुळ्यांतली एक मागे राहिली.

आत्यानं डोळे मिटलेलेच ठेवले. डावं पाऊल उशिरा येत होतं. फार नाही, एवढंसंच. कुणीतरी दबकत जिना चढून यावं आणि प्रत्येक पायरीला थांबून कानोसा घ्यावा, तसं. टाच झाली, पोटरी झाली, गुडघा झाला. कमरेची कडी निघाली तेव्हा कुठं ते पाऊल दुसऱ्याला येऊन मिळालं, जसं काही झालंच नव्हतं.

क्लास सुटल्यावर तिनं भिंगरीला थांबवलं. "डावी टाच?"

"आखडते जरा. गेली पण. हे बघ." भिंगरीनं तिथल्या तिथं टणाटणा उड्या मारून दाखवल्या.

आत्यानं खाली बसून टाचेवरची ती जाड शीर चिमटीत धरली, वरपासून खालपर्यंत दाबली. गरम, घामानं निसरडी आणि गप्प. भिंगरीचा चेहरा हलला नाही.

"तापल्यावर पळतं ते दुखणं नाही," आत्या उठत म्हणाली, "आळस आहे. अजून तापव."

हा तिच्या गुरूचा नियम होता आणि तिनं तो स्वतःच्या खांद्यावर, स्वतःच्या गुडघ्यावर वापरून पाहिलेला होता. दरवेळी खरा ठरला होता. जो नियम आपल्याला कधी दगा देत नाही, त्याच्याकडे आपण पुन्हा वळून पाहत नाही. आत्यानंही पाहिलं नाही.

पुढं पुढं गाणं संपायचं आणि डावं पाऊल अजून जिन्यातच असायचं. मग आत्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"आत्या, आज टाचेला परत उठवलंत," पोस्टमन धापा टाकत म्हणाला. "बिचारी रात्रपाळीला होती की काय?"

सगळे खिदळले. भिंगरीही हसली. तिचं हसू सगळ्यांबरोबर वेळेवर आलं, पाऊल आलं नाही.

मग भिंगरी क्लासच्या आधीच येऊन एकटीच वॉर्मअप करू लागली. आत्या कुलूप उघडायला यायची तर ही बाहेरच्या पायरीवर टाचा वर-खाली करत उभी. आत्याला बरं वाटायचं. पोरगी किती मन लावून करतेय! सगळे जमेपर्यंत पाऊल जागेवर आलेलं असायचं, आणि आत्याचे कान निश्चिंत.

एका दुपारी भाऊ आला. तो लॉन्ड्रीत इस्त्री करायचा. क्लासचे पांढरे पोशाखही तोच करून द्यायचा. गठ्ठा बाकावर ठेवून तो तिथंच उभा राहिला.

"बस ना, दादा."

"ती सकाळी जिना कशी उतरते, पाहिलंयस?"

"मी सकाळी तुमच्या घरी असते का?"

"उलटी उतरते." त्यानं हातानं हवेत कठडा धरून दाखवला. "असं धरून, जिन्याकडे तोंड करून. रांगतं मूल उतरतं ना, तशी. मी बघतोय असं कळलं की सरळ होते आणि शीळ घालायला लागते."

"थंडीनं आखडत असेल."

"हिची आई उजाडायच्या आत बेकरीत गेलेली असते. सकाळी घरात आम्ही दोघंच. पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना ती उशी तोंडात धरते गं. तिला वाटतं मी झोपलोय."

आत्यानं पोशाख मोजल्यासारखे करून पुन्हा तसेच ठेवले. "संध्याकाळी ये आणि बघ तिला. हवेत असते पोरगी."

"संध्याकाळचा पाय तू बघतेस, सकाळचा मी बघतो. दोन्ही एकाच पोरीचे आहेत ना?"

"दादा, पुढच्या आठवड्यात निवड आहे. यंदा संघात आली तर आली. पुढल्या वर्षी तिचं वय बसत नाही. किती वर्षं घासलंय तिनं, तुला ठाऊक नाही का?"

"आणि पाय गेला म्हणजे?"

"अभद्र बोलू नकोस."

"डॉक्टरला दाखवू?"

"तो विश्रांती सांगणार. निवड होऊ दे, मग ने खुशाल."

भाऊ दारापर्यंत गेला. वाफेनं सुजल्यासारखे झालेले त्याचे हात चौकटीवर टेकले. "मी सांगून बघितलं. म्हणते, आत्यानं पाय बघितलाय. तू थांब म्हणालीस तरच ती थांबेल. माझं नाही ऐकत." त्यानं हात चौकटीवरून काढले. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर ठीक असेल."

त्या रात्री आत्याच्या मनात आलं, एकदा सकाळी जाऊन बघावं. पण सकाळी फाटलेले पॅड शिवायचे होते. दुसऱ्या सकाळी गोदामवाल्याला भेटायचं होतं. न जाण्याला कारणं शोधावी लागली नाहीत. कारणंच आपली आपण येऊन दारात उभी राहिली.

निवडीचा हॉल उंच छपराचा होता. वरून गार हवा सोडलेली, पातळ मॅटखाली सिमेंट. बोळकंडीत आत्यानं भिंगरीचं अंग तापवलं. गाणं पुन्हा पुन्हा म्हटलं. डावं पाऊल फार रेंगाळलं, पण आलं. भिंगरीनं लाल हेल्मेट घातलं, दातांत गार्ड धरला, आणि दोघी हाकेची वाट पाहत बाकावर बसल्या.

हाक आली नाही. गुण मोजायचं यंत्र बंद पडलं होतं. माणसं वायरी उचलून बघत होती, एकमेकांवर खेकसत होती. भिंगरीच्या कपाळावरचा घाम आधी गार झाला, मग सुकला. आत्यानं तिच्या अंगावर जाकीट टाकलं, पायांवर टॉवेल टाकला. वरून हवा येतच होती.

"पाणी पिऊन येते," म्हणत भिंगरी उठली.

आणि आत्यानं सकाळचा पाय पहिल्यांदा पाहिला.

फुटलेल्या काचांवरून चालावं तसं ते पाऊल होतं. टाच टेकतच नव्हती. कंबर एका बाजूला कलली होती, हात कठडा शोधत होता आणि तिथं कठडा नव्हता.

आत्यानं तिला दंडाला धरून परत बसवलं. बूट काढला. टाचेवरच्या शिरेच्या मध्यावर, दोरीला गाठ बसावी तसा फुगवटा होता. तिनं अंगठा त्यावर ठेवून पाऊल हळूच वर-खाली हलवलं. अंगठ्याखाली काहीतरी करकरलं. कोरड्या चामड्याचा पट्टा वाकवावा तसं. तिनं पुन्हा हलवलं. पुन्हा करकर.

"हे कधीपासून?"

"तापलं की जातं."

"कधीपासून, विचारलं मी."

"तूच म्हणालीस ना, जातं ते दुखणं नाही?" भिंगरीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शिकवलेलं म्हणून दाखवावं, तितक्या सरळपणे ती बोलली.

समोरच अधिकाऱ्यांचं टेबल होतं. तिथं जाऊन एक वाक्य बोलायचं, की संपलं. आत्यानं मान वर केली. प्रेक्षकांत भाऊ उभा होता. सगळे बसलेले आणि तो एकटा उभा. तो मुलीकडे बघत नव्हता, बहिणीकडे बघत होता.

आत्या उठली. टेबलाच्या दिशेनं निघाली. तेवढ्यात यंत्र सुरू झाल्याची शिट्टी वाजली आणि लाल हेल्मेटवालीला बोलावणं आलं.

भिंगरीनं तिची बाही धरली. "आत्या, काय करतेयस? नको ना गं. तू फक्त तापवून दे, पटकन. तुझ्या हातानं जातं ते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते दुखण्याचं नव्हतं. "जन्मभर घरी बसेन नंतर. आज नको."

एवढ्या वर्षांत आत्याचे हात एकच गोष्ट शिकले होते. टेबल अजून तिथंच होतं, चार पावलांवर. ती खाली बसली.

तिनं पोटरी चोळली, टाच चोळली, ओठांतल्या ओठांत गाणं म्हटलं, भरभर, शब्द एकमेकांवर आदळत. कडी हळू वाजवायला सांगणारी आत्या आज दारावर खांदा मारत होती. ऊठ गं टाचे, ऊठ गं, ऊठ. अंगठ्याखालची करकर बारीक झाली, अजून बारीक झाली आणि थांबली. आतून ओ देणारं कुणी राहिलंच नाही, अशी ती शांतता होती.

"गेलं?" भिंगरीनं विचारलं.

"गेलं," आत्या म्हणाली.

तिनं भावाकडे पाहून मान हलवली, सगळं ठीक आहे अशी. भाऊ बसला नाही.

भिंगरी मॅटवर गेली आणि तिच्या कोपऱ्यात मागे, शिक्षकाच्या खुर्चीत, आत्या बसली. पोरगी काय खेळली! जुळ्या बहिणी हातात हात घालून नाचत होत्या. समोरची निळ्या हेल्मेटवाली पोरगी दणकट होती, पण तिला भिंगरी सापडेना. फलकावर लाल आकडा चढत गेला. पोस्टमन कुठून तरी ओरडत होता, "भिंगरी, पार्सल घरपोच दे!" लोक हसत होते. आत्याला हसू आलं नाही. ती नुसती ऐकत होती, डोळे उघडे ठेवून. डावं पाऊल वेळेवर येत होतं. प्रत्येक वेळी वेळेवर. तिला वाटलं, एकदा तरी चुकावं, म्हणजे उठून हात वर करता येईल. ते चुकलं नाही.

शेवटचा राऊंड निम्म्यावर आला होता. निळी मागे सरकली, दूर, हात वर धरून. भिंगरीनं मोकळी जागा पाहिली आणि डाव्या पायानं जमीन लोटली.

तिच्या टाचेतून बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला. फार मोठा नाही.

भिंगरी पडली नाही. ती जागच्या जागी थांबली, हात खाली आले. रांगेत कुणी धक्का दिल्यावर माणूस चिडून वळतं, तशी ती मागे वळली.

"कोणी मारली?" गार्ड काढत ती म्हणाली. "मागून लाथ कोणी मारली?"

पंच तिच्या पुढे होता. निळी पोरगी त्याच्याही पुढे, जागीच खिळलेली. भिंगरीची नजर मागच्या रिकाम्या मॅटवर फिरली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिथं खुर्चीत बसलेल्या आत्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.