भरदुपारचं रीडिंग

त्या गल्लीत सतरा घरं होती आणि सतराही घरांच्या छपरांवर पॅनेलं होती. तारेवरची वीज यायची ती घाईतल्या पाहुणीसारखी. सकाळी तोंड दाखवायची, दोन तास टेकायची आणि तिला कामाला जुंपावं म्हणेपर्यंत काढता पाय घ्यायची. म्हणून संध्याकाळ झाली की गल्ली बॅटऱ्यांवर जगायची, आणि बॅटऱ्या जगायच्या डिस्टिल मावशीवर.

मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. पन्नाशी उलटलेली, काटक बाई. अंगात जाड ॲप्रन, त्याला ॲसिडने पाडलेली इतकी भोकं की मूळ कापड कोणतं हे भोकांनाच विचारावं. दोन हातांत डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन. दर दीड महिन्याने ती घरोघर फिरून बॅटऱ्यांची बुचं उघडायची, आटलेलं पाणी भरून काढायची, टोकं पुसून ग्रीस लावायची आणि निघताना घरच्या माणसांना चार शब्द सुनवायची. ते चार शब्द कामातच धरलेले असायचे.

शेवटच्या घरात मात्र चार महिने तिचं पाऊल पडलं नव्हतं. पडू दिलं नव्हतं.

त्या घरात तिघं राहायची. अडीच वर्षांची मुलगी, जिला सगळे टिचकी म्हणत, तिची आई, आणि आजोबा, म्हणजे आईचे सासरे. टिचकीचा बाप बोटीवर, इंजिनरूममध्ये. गेल्या खेपेला तोच जिन्याखाली दोन बॅटऱ्या बसवून, सगळं बायकोला समजावून समुद्रावर गेला होता. समजावताना टिचकी रडत होती, त्यामुळे समजावलेलं अर्धं हवेत गेलं. उरलेलं अर्धं तिने वहीत लिहून ठेवलं.

वही हा तिचा जुना आधार. कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकली होती आणि आकडा कागदावर उतरला की तिचा जीव जरा थाऱ्यावर यायचा. टिचकीचं वजन, टिचकीचा ताप, टिचकीने खाल्लेले घास, सगळं वहीत. सासरे त्या टेबलाला कंट्रोल रूम म्हणायचे. "कंट्रोल रूम, आज मी दोनदा शिंकलो. नोंद व्हावी."

चार महिन्यांपूर्वी टिचकीच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी वाफेचं मशीन लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, तोंडावर मास्क. "आणि एकही चुकवायची नाही," असं त्या सहज म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने सहज. आईने ते वाक्य घरी आणलं, आणि त्या दिवसापासून ते घरातलं चौथं माणूस होऊन बसलं.

सकाळची वाफ तारेवरच्या विजेवर व्हायची, संध्याकाळची बॅटरीवर. त्याच आठवड्यात मावशी दोन कॅन घेऊन दारात उभी राहिली, आणि आईची नजर गेली ती ॲप्रनच्या भोकांवर.

"मावशी, रागावू नका. पण ॲसिडचा वास टिचकीला सोसणार नाही. तूर्तास राहू दे."

"पाणी आहे गं हे. नुसतं पाणी."

"हो, पण तुमच्या अंगाला..."

मावशीने स्वतःच्या अंगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं," म्हणाली आणि शेजारच्या घरात शिरली. दीड महिन्याने पुन्हा आली, तेव्हा आईने खिडकीतूनच हात हलवला. तिसऱ्या खेपेला मावशीने त्या दारासमोर कॅन खाली ठेवले नाहीत की मान वर केली नाही.

मग उन्हं कडक झाली आणि जिन्याखालून एक वास यायला लागला, नासलेल्या अंड्यासारखा. सासऱ्यांना तो येत नव्हता. पण त्यांना गॅसवर उतू गेलेलं दूधही कळायचं नाही. तिला आला. बॅटऱ्या लाकडी पेटीत होत्या, पेटीला हवा खेळायला फटी होत्या. तिने बाजारातून रुंद चिकटपट्टी आणली आणि एकेक फट बुजवली. झाकण, कोपरे, वायरी आत जातात तिथलं भोक, सगळं. वरून जुनी रजई टाकली. टिचकीची बोटं आत जाणार नाहीत आणि आतला वास बाहेर येणार नाही, असं ते काम झालं. तिला त्या रात्री गाढ झोप लागली.

पेटीत आता बघता येत नव्हतं. पण बघायचं कशाला? भिंतीवर बॅटरीचे व्होल्ट दाखवणारा मीटर होता. ती रोज एक वाजता, टिचकी झोपली की, हात पुसून मीटरसमोर उभी राहायची आणि आकडा लिहायची. तेरा दशांश सात. तेरा दशांश आठ. तेरा दशांश सहा. दोन महिने ओळीने असे आकडे, एकसारखे, शहाण्या मुलांसारखे. नवऱ्याला फोनवर ती ते वाचून दाखवायची आणि तो तिकडून, मागे इंजिनाचा गोंगाट, "झकास!" म्हणायचा.

आणि काल संध्याकाळी, वाफ सुरू होऊन चार मिनिटं झाली असताना फ्रीजने गुरगुर केली, इन्व्हर्टरने एक लांब शीळ घातली आणि घर गप्प झालं. मशीनही.

ती टिचकीला उचलून शेजारी धावली. परकं घर, परके दिवे. टिचकीने मास्क भिरकावून दिला, औषध सांडलं, आणि रडून रडून छाती आणखी भरली. सकाळी डॉक्टरीणबाईंनी नळी लावून पाठ ऐकली. "आज संध्याकाळचीही राहिली तर दोन दिवस इथे ठेवून घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. या दवाखान्यात टिचकी नुसती पायरी चढली तरी निळी पडेपर्यंत रडायची. दोन दिवस ती तिथे कशी काढणार, याचं गणित आईच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

घरी येऊन तिने मीटर पाहिला. तेरा दशांश पाच. तिने वही मिटली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मावशींना बोलावून आणता?"

सासऱ्यांनी चपला घातल्या. "आणतो. काही निरोप? 'चुकलं' वगैरे?"

"नुसतं बोलवा."

मावशी अकराला आली. ॲप्रन घडी करून पिशवीत होता. अंगात धुतलेला सदरा, आणि दारातच तिने हात पुढे केले. "साबणाने दोनदा धुतलेत. बघायचेत?"

आई दारातून बाजूला झाली. "या ना," एवढंच म्हणाली.

मावशीने जिन्याखाली पाहिलं. रजई उचलली. चिकटपट्टी पाहिली आणि दोन पावलं मागे सरली. इतक्या चपळाईने की सासरे हसता हसता थांबले.

"गॅस बंद आहे ना घरातला? कुणी काडी ओढायची नाही, कुठलं बटण दाबायचं नाही. खिडक्या उघडा. दार पण." मग हलक्या हाताने ती पट्टी सोलायला लागली, जखमेवरची सोलावी तशी. "ही कुणाची कारागिरी?"

"माझी," आई म्हणाली. "वास येत होता."

"वास येत होता म्हणून नाक बंद केलंस?" पट्टीचा लांब तुकडा सुटून आला. "अगं, चार्ज होताना बॅटरी गॅस सोडते. साधी ठिणगी पडली तरी पेट घेणारा. त्याला बाहेर जायला फट हवी, म्हणून सोडलेल्या असतात त्या. तू पोरीला जपायला म्हणून घरात बार भरून ठेवलास."

पेटीपासून टिचकीचं अंथरूण किती हातांवर, हे आईने नजरेने मोजलं. सात. कदाचित साडेसहा.

अर्धा तास पेटी नुसती उघडी ठेवून मावशी पायरीवर बसली. मग पॅनेलांचा खटका पाडला, इन्व्हर्टर बंद केला, दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरी सोडवून त्यांना एकमेकींपासून वेगळं केलं आणि बुचं उघडून आत टॉर्च मारला. "ये, बघ. लांबूनच बघ." आतल्या प्लेटा पाण्याबाहेर डोकावत होत्या, वरच्या कडेला पांढुरक्या पडलेल्या.

तिने प्रत्येक भोकात थोडंथोडंच पाणी सोडलं, प्लेटा बुडेपर्यंत.

"काठोकाठ का नाही?" आईने विचारलं.

"आता भरलं तर चार्ज होताना फुगून उतू जाईल, ॲसिडसकट. आधी जेमतेम, मग चार्ज, मग बाकीचं. उपाशी माणसाला एकदम वाढत नाहीत." मावशीने हात पुसले. "आता दोन तास हात लावायचा नाही. दोघींना पडू दे."

"आणि पॅनेलं?"

"बंदच."

आईने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन असं पडलं होतं की समोरच्या भिंतीकडे बघवत नव्हतं. "मावशी, संध्याकाळी वाफ द्यायचीय. आज चुकली तर तिला दवाखान्यात ठेवणार आहेत. आणि हे ऊन असंच फुकट घालवायचं?"

"मग लाव पॅनेलं. मीटर तुला तेरा पाच दाखवेल, तू वहीत लिही आणि संध्याकाळी पुन्हा शेजारी पळ."

वहीचं तिला कोणी सांगितलं ते उघड होतं. सासरे छताकडे बघत होते.

आईने वही आणून मावशीच्या पुढ्यात ठेवली, जरा जोरातच. मावशीने चष्मा लावून पानं उलटली. "अक्षर सुरेख आहे. रोज एक वाजता?"

"त्याच वेळी मला सवड असते."

"त्याच वेळी छपरावर ऊन असतं. वरून धो धो चार्ज येत असताना मीटर चार्जिंगचा आकडा सांगतो, बॅटरीचा नाही. पंगतीत घास तोंडात असलेल्याला तू रोज विचारतेस, भूक लागलीय का? तो 'नाही'च म्हणणार. उठल्यावर तीन तासांनी विचार."

संख्याशास्त्रातली पदवीधर बाई साठ आकड्यांकडे बघत राहिली. चुकीच्या वेळी घेतलेला नमुना कितीही मोठा असला तरी कुचकामाचा, हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि परीक्षेत तिने त्यावर पूर्ण गुण मिळवले होते. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

ते दोन तास मोठे गेले. दवाखान्यातून येताच झोपलेली टिचकी उठली, तिने मावशीच्या सदऱ्याचं बटण पिळून पाहिलं आणि मांडीवर बूड टेकलं. मावशीने तिच्या छातीवर कान नेला, मग तळहात ठेवला. "घरघर आहे खरी. बोलली का नाहीस गं, सरळ सांगायचं. मी दुसरे कपडे घालून आले असते. गल्लीत तीन घरांत तान्ही पोरं आहेत, तिथे जातेच ना?"

आई म्हणाली, "मला तेव्हा काही सुचत नव्हतं."

"ते दिसतंय. गज-दीड गज पट्टी वाया गेली."

दीडच्या सुमारास मावशीने पिशवीतल्या छोट्या मीटरची दोन टोकं बॅटऱ्यांना लावली. पहिली बॅटरी: बारा दशांश तीन. दुसरी: दहा दशांश चार. मग काचेची पिचकारी काढून एकेका भोकातलं पाणी ओढून पाहिलं. पिचकारीतला तरंगता दांडा सगळीकडे कमीजास्त वर येत होता, दुसऱ्या बॅटरीच्या चौथ्या भोकात मात्र तो तळाला जाऊन बसला.

"ही गेली. एक सेल मेला, आणि मेलेली चांगलीला ओढत होती. रात्रभर चांगली हिलाच पाजत बसायची." तिने दुसरी बॅटरी जमिनीवर सरकवली. "आज एकटी चालेल. पण फ्रीज नाही, पंखा नाही. एक दिवा आणि मशीन. आता लाव तुझी पॅनेलं."

"पुरेल?"

"चार तास ऊन आहे. पुरायला हवं." मावशी 'पुरेल' म्हणाली नाही, हे आईने ऐकलं.

पाच वाजता मावशीने येऊन उरलेलं पाणी खुणेपर्यंत भरलं, बुचं लावली आणि पेटीच्या झाकणाऐवजी तारेची जाळी ठोकली. "बोटं जाणार नाहीत, हवा जाईल." तिने निघताना आणखी काहीतरी सुनवावं अशी आई वाट बघत होती. मावशीने फक्त पुढच्या भेटीची तारीख सांगितली.

सात वाजता आईने औषध मोजून मशीनमध्ये घातलं. आई समोर दिसली तरच टिचकी मास्क ठेवून घ्यायची, म्हणून तिला मीटरकडे पाठ करून बसणं भाग होतं.

"बाबा, तुम्ही आकडा वाचा. बारा दशांश शून्यच्या खाली गेला तर सांगा, मी दिवा बंद करते."

"कंट्रोल रूम तयार," सासरे मीटरखाली उभे राहिले.

मशीन घरघरलं. मास्कमधून पांढरी वाफ आली. टिचकीने आईच्या दोन्ही कानांना धरलं.

"बारा दोन," सासरे म्हणाले.

दोन मिनिटं. चार. कालच्या जागी मशीन आलं तेव्हा आईने श्वास धरला. टिचकीलाही ते काय वाटलं कोण जाणे, तिनेही धरला. मग दोघींनी सोडला.

"बारा दोन."

सहा. आठ. दिवा जरासा पिवळा झाला का? तिने मागे वळून पाहायचं ठरवलं आणि टिचकीने कान ओढून तिचं तोंड जागेवर आणलं.

"बारा दोन," सासऱ्यांचा आवाज शांत, बातम्या वाचणाऱ्यासारखा.

दहाव्या मिनिटाला औषध संपलं. कपात नुसती फुरफुर उरली. आईने बटण बंद केलं, मास्क काढला, टिचकीच्या पाठीला कान लावला. घरघर होतीच, पण खोल गेलेली, दुसऱ्या खोलीतल्या बोलण्याइतकी. दवाखान्याची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. तिने पायानेच ती कॉटखाली ढकलली. मग ती उठली आणि मीटरपाशी गेली.

अकरा दशांश नऊ.

"बाबा, चष्मा कुठाय तुमचा?"

सासऱ्यांनी खिसा चाचपला. "सकाळपासून सापडत नाहीये. मी मावशींनी दुपारी सांगितलेला आकडा लक्षात ठेवला होता."

"त्या बारा तीन म्हणाल्या होत्या."

"मग एक मी कमी केला. अंदाजाने."

तिला हसू यायला जरा वेळ लागला. वहीत तिने नवं पान काढलं, वर लिहिलं 'संध्याकाळी, वाफ संपल्यावर', आणि त्याखाली खरा आकडा: ११.९. पुढे मावशीची तारीख.

"आता फ्रीज लावू?" सासऱ्यांनी विचारलं. "पाणी कोमट झालंय."

"नाही," ती म्हणाली. "कोमटच प्या."