अक्षर मात्र अक्कांचे होते

मित्रांनो, तुम्ही रोज शाळेत ज्याच्याकडे बघून जांभया देता, त्याच जातीचा मी. एक जुना लाकडी फळा. पण माझ्या नशिबात वर्गाची भिंत फार काळ नव्हती. बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात ‘सौरभा’ नावाची तीन मजली इमारत आहे. तिच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी मी टांगलेला असतो. डाव्या कोपऱ्याचा रंग उडाला आहे, मधोमध एक चीर गेली आहे. पण माझे खरे दुखणे त्या चिरेचे नाही. ते तुम्हाला सांगावे म्हणून आज बोलतो आहे.

देवाप्पा नावाच्या सुताराने मला घडवले. त्याने सागाच्या फळ्या घासूनपुसून एकजीव केल्या, वर काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि सावलीत वाळवत ठेवले. तिथून मी थेट एका सभागृहात गेलो. पुण्या-नागपूरकडून इकडे आलेल्या मराठी घरांतली मुले रविवारी तिथे आपली भाषा शिकायला येत. शिकवणाऱ्या बाईंचे नाव शिवलीला. मूळच्या बेळगावच्या, घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांचे अक्षर असे, की ‘ळ’ला घाबरणारी मुलेसुद्धा ते गिरवायला पुढे येत. माझ्या अंगावर त्यांचा खडू फिरला की मला आपण कुणीतरी आहोत असे वाटे.

पुढे मुलांचे रविवार पोहण्याच्या आणि बुद्धिबळाच्या शिकवण्यांनी भरून गेले. मराठीचा वर्ग बंद पडला. मी भंगारात जाणार होतो, पण अक्कांनी मला रिक्षात घातले. रिक्षावाला कुरकुरला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “अण्णा, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.” थोडं सांभाळून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. तो बिचारा हसला आणि मला दोरीने बांधून सौरभाच्या दारापर्यंत घेऊन आला.

तेव्हापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले. अक्का रोज सकाळी दूध घ्यायला खाली आल्या की माझ्यावर एक अभिवादन लिहीत. एरवी कानडीत ‘नमस्कारा’. पोंगलला तळमजल्यावरच्या तमिळ कुटुंबासाठी ‘वणक्कम’. नाताळात इमारतीतल्या मार्थाबाईंसाठी छोटी चांदणी. उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, कडुनिंबाची डहाळी आणि शेजारी गुळाचा खडा, कारण आमच्या इमारतीत त्या दिवशी गोड आणि कडू दोन्ही एकत्र वाटायची रीत होती.

आणि ईदला? ईदला अक्कांचे अडले. त्यांना उर्दू येत नव्हते. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या दिलशाद मुजावर खाली आल्या. त्याही बेळगावच्याच बाजूच्या, निपाणीकडच्या. त्या भागातल्या बायका ‘मी येते’ न म्हणता ‘मी येतो’ म्हणतात, तशाच त्याही बोलत.

“अक्का, उजवीकडनं सुरू करा की,” त्या म्हणाल्या आणि अक्कांचा हात आपल्या हातात धरून त्यांनी माझ्यावर ‘ईद मुबारक’ गिरवून घेतले. एक नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, चुकीच्या जागी पडला. दोघी लहान मुलींसारख्या खिदळल्या. माझ्या अंगावर कुणी उलट्या दिशेने लिहिण्याची ती पहिलीच वेळ. गुदगुल्या झाल्या म्हणा ना.

दोघींची मैत्री तिथे जडली. अक्का लिंगायत. त्यांच्याकडे भेटल्यावर ‘शरणु’ म्हणतात. दिलशादबींच्या घरात ‘सलाम’. पण जिन्यात या दोघी भेटल्या की अदलाबदल व्हायची. दिलशादबी म्हणायच्या, “शरणु, अक्का.” अक्का म्हणायच्या, “सलाम गं, दिलशाद.” दरवर्षी रमजानात एका संध्याकाळी दिलशादबी सगळ्या इमारतीला गच्चीवर इफ्तारला बोलवत. खजूर, कलिंगड, गुलाबाचे सरबत, भजी. अक्का शाकाहारी, म्हणून त्यांच्या भज्यांसाठी दिलशादबींनी वेगळी कढई घेऊन ठेवली होती. त्या कढईत दुसरे काही कधी शिजले नाही. त्या दिवसाचे आमंत्रण अर्थात माझ्यावरच, अक्कांच्या अक्षरात.

मग गुरुराज इमारतीच्या समितीचे सचिव झाले. माणूस गोडबोल्या, हुबळीकडचा, हात जोडल्याशिवाय बोलणार नाही. त्या वर्षी रमजान सुरू होण्याआधीच्या रविवारी त्यांनी माझ्यासमोरच बैठक घेतली. दिलशादबी त्या दिवशी एचएसआर लेआउटला लेकीकडे गेल्या होत्या.

“हे कुणाच्या विरोधात नाही बघा,” गुरुराज म्हणाले. “सगळ्यांना एकच नियम. गच्चीवर धार्मिक कार्यक्रम नकोत. आवाज होतो, बाहेरची माणसं येतात. काही जणांनी तक्रार केलीय.”

वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली केतकी, पुण्याची, आयटीत काम करणारी. तिने विचारले, “मग गणपतीचं काय? तोही गच्चीवरच असतो ना?”

“ते नंतर बघू,” गुरुराज म्हणाले आणि अक्कांकडे वळले. “अक्का, हे तुम्हीच लिहा. छापलेली नोटीस लावली की कडक वाटतं. तुमचं अक्षर बघून कुणाला वाईट वाटणार नाही.”

अक्कांनी विचारले, “दिलशादला कुणी सांगितलंय का?”

“तुम्ही लिहिलं की कळेलच की.”

मला वाटले, अक्का आता खडू खाली ठेवतील. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या क्षणी मी श्वास रोखून धरला होता असे मला अजून वाटते. अक्कांनी एकदा जिन्याकडे पाहिले, एकदा जमलेल्या लोकांकडे. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी खडू उचलला. ‘कृपया’ या शब्दाने सुरुवात केली. एकेक अक्षर मोत्यासारखे. गच्चीवर धार्मिक कार्यक्रमांस परवानगी नाही. वर कानडीत, खाली मराठीत. आणि लिहून झाल्यावर, केवळ हाताच्या सवयीने, त्यांनी भोवती गुलाबी खडूने वेल काढली. सणाच्या दिवशी काढत, तशीच.

केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार मी मुलांना शिकवताना कितीदा अंगावर वागवला होता. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

संध्याकाळी दिलशादबी परतल्या. दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून खजुराचे खोके डोकावत होते. अक्कांची वेल दिसली तशी त्या हसत माझ्यासमोर आल्या, काहीतरी छान वाचायला मिळणार म्हणून. वाचता वाचता हसू गेले. त्यांनी पिशव्या जमिनीवर ठेवल्या आणि पुन्हा वरपासून वाचले. केतकी तेवढ्यात बाहेरून येत होती.

“केतकी,” त्यांनी हळूच विचारले, “अक्षर अक्कांचंच हाय न्हवं?”

 केतकीने होकारार्थी मान हलवली.

“सरी, ठीक हाय,” दिलशादबी म्हणाल्या. पिशव्या उचलल्या आणि जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्याजवळ उभ्या होत्या. दिलशादबी खाली आल्या. अक्का घाईने म्हणाल्या, “सलाम गं, दिलशाद.”

“गुड मॉर्निंग, मॅडम,” दिलशादबी म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

त्यात एकही शब्द वाईट नव्हता. बँकेतल्या बाईला म्हणतात तसे ते होते. 

त्या वर्षी इफ्तार घरातच झाली. केतकी गेली, मार्थाबाई गेल्या. अक्कांना आमंत्रण होते की नाही, मला ठाऊक नाही. माझ्यावर ते कुणी लिहिले नाही. ईदच्या सकाळी अक्कांनी एकट्यानेच, उजवीकडून, सगळे नुक्ते जागच्या जागी देऊन ‘ईद मुबारक’ लिहिले. दिलशादबी नवे कपडे घालून समोरून गेल्या. थांबल्या नाहीत.

मग भाद्रपद आला. एका सकाळी मांडवाचे बांबू माझ्यासमोरून जिन्याने वर जाऊ लागले. पाठोपाठ ध्वनिक्षेपक, दिव्यांच्या माळा. गुरुराज रंगीत खडूंचा नवा डबा घेऊन अक्कांकडे आले.

“अक्का, मोठ्या अक्षरात लिहा. गच्चीवर गणेशोत्सव, सर्वांचं स्वागत.”

“गुरुराज, तो नियम कुणी पुसला?”

“अहो, हा धार्मिक नाही, सांस्कृतिक कार्यक्रम आहे.” ते हसले. “आणि नियम काय अक्का, समजून घ्यायचे असतात. तुम्ही तर समजूनच लिहिला होता ना?”

 आपल्या चांगुलपणाचा, आपल्या अक्षराचा वापर झाला हे अक्कांना कळले होते. त्याहून वाईट, आपण तो होऊ दिला हेही कळले होते. त्यांनी खडूंचा डबा गुरुराजांच्या हातात परत दिला. ते निघून गेल्यावर पदराच्या गाठीतून आपला जुना पांढऱ्या खडूचा तुकडा काढला आणि माझ्यावर सर्वांना दिसेल असे लिहिले: ‘दिलशाद, मी चुकले. शिवलीला.’

त्या तिथेच पायरीवर बसून राहिल्या. माणसे येत होती, वाचत होती, नजर चुकवून जात होती. अखेर दिलशादबी खाली आल्या. त्यांनी वाचले. मग हाताने, साध्या तळव्याने, ते सगळे पुसून टाकले.

“हे हितं कशाला अक्का?” त्या म्हणाल्या. “तुमच्या माझ्यातलं ते.”

“मी सगळ्यांसमोर लिहिलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर...”

“लिहिलं त्याचं मला येवढं न्हाई. सगळे म्हणाले, तुम्ही लिहिलं. पण त्याआदी एक जिना चढून माझ्या दारात आला असता तर? ‘दिलशाद, मला असं लिहायला सांगतायत,’ येवढंच बोलला असता तर मीच म्हणलो असतो, लिवा अक्का, जाऊ दे.”

अक्का रडू लागल्या. दिलशादबींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण लगेच काढूनही घेतला.

“राग न्हाई माझा. तुम्ही बोलवा, मी येतो. पण खरं सांगतो, पूर्वी ह्या फळ्यावर काय लिहिलंय ते बघायला मी मुद्दाम थांबायचो. आता घराबाहेर पडताना आदी जिन्यावरनं वाकून बघतो, आज काय लिहिलंय. मग खाली उतरतो.”

मित्रांनो, देवाप्पाने मला घासून गुळगुळीत केले होते, ते कुणाच्या मनात धास्ती बसावी म्हणून नाही. अक्का अजून रोज लिहितात. अक्षर तेच आहे. गुरुराजांची नोटीस कधीच पुसली गेली आहे. पण दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्यापाशी रोज सकाळी एक डोके वाकते, काही क्षण थांबते, आणि मगच पावले वाजतात.

तुम्हालाही कधीतरी कुणीतरी खडू देईल. तुमचे अक्षर चांगले आहे, तुमच्या बोलण्याने कुणी दुखावणार नाही, असे गोड बोलून देईल. तेव्हा एवढेच करा. लिहिण्याआधी ज्याला ते वाचावे लागणार आहे, त्याच्या दारापर्यंत जाऊन या. माझ्यावर लिहिलेले ओल्या फडक्याने निघते. वाचणाऱ्याच्या मनावरचे काढायला माझ्याकडे काही नाही.