कोपराखालचा हात

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या आमच्या वृद्धाश्रमात आम्हा फिजिओथेरपिस्टांचं प्रशिक्षण होतं. म्हाताऱ्यांकडून ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम कसे करून घ्यायचे, हे नेरिडा नावाची कालची पोर मला शिकवणार! मी धुसफुसतच डल्सी पॅस्कोबाईंना खुर्चीतून उठवायला गेले आणि सवयीने त्यांच्या कोपराखाली हात घातला.

“हात खिशात ठेवा,” नेरिडा म्हणाली.

“आणि पडल्या तर निस्तरणार कोण, तू?” मी फणकारले. तरी हात खिशात घातले.

पॅस्कोबाई पुढे सरकल्या, त्यांनी पाय मागे घेतले आणि कशालाही न धरता उभ्या राहिल्या. वर एक पाय उचलूनही दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“अहो, हे कधीपासून जमतंय तुम्हाला?” मी विचारलं.

“पहिल्यापासून, बाळा. पण मी आपली आपण उठले की तू केवढी ओरडायचीस! म्हटलं, घाबरते बिचारी, धरू दे.”

टाळ्या थांबल्या. माझं तोंड बघून पॅस्कोबाई पटकन खाली बसल्या आणि त्यांनी कोपर पुढे केलं. “धर गं,” त्या हळूच म्हणाल्या, “मी काही म्हणत नाही.”

माझे हात खिशातून बाहेर निघेनात.