आत्याच्या कॉम्प्युटरवरची एक खूण

आत्याने चाळीस वर्षं बाळंतपणं केली. तिच्या वह्यांमधली शाई उडायला लागली, तेव्हा प्रत्येक बाळाचं वजन आणि जन्मवेळ कॉम्प्युटरवर उतरवायचं तिने मनावर घेतलं. तिच्या कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यात मी दुकानातली सगळ्यात स्वस्त एसएसडी डिस्क बसवून दिली. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यामुळे घरात मला अक्कल आहे असा समज आहे.

असल्या डिस्कला स्वतःची तात्पुरती मेमरी नसते, म्हणून ती रखडते. मी हौसेने सेटिंगमध्ये एक खूण केली : लिहिलेलं आधी कॉम्प्युटरच्या मेमरीत ठेवायचं, डिस्कवर सवडीने उतरवायचं. डबा पळायला लागला. आत्या खूश, मी तिच्याहून खूश. खुणेखाली इशारा होता, की वीज गेली तर माहिती जाईल. असले इशारे मी गिऱ्हाइकांना वाचायला सांगतो, स्वतः वाचत नाही.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "जमलं तर येऊन जा. घाई नाही."

आत्या घाई नाही म्हणाली की मी हातातलं काम टाकून निघतो.

सगळ्या वह्या तिने पिशवीत भरून ठेवल्या होत्या. "तूच ठेव या. काल तेवीस बाळं लिहिली असं मला वाटतंय. आज बघते तर एक नाही. परवाही तेच, आठवडाभर हेच चाललंय. आईचं असंच सुरू झालं होतं रे. न जेवता जेवले म्हणायची."

तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मला रडूच यायला लागलं, म्हणून मी उगाच खेकसलो, "माझ्यासमोर चार लिही बघू."

तिने चार लिहिली, सेव्ह केलं, आणि मी तोंड उघडायच्या आत हात भिंतीकडे. खट! थेट बटणच बंद. इस्त्री, पंखा, सगळं ती असंच बंद करते. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं. पुन्हा चालू केलं, तर चारही गायब.

खूण गुपचूप काढून 'डिस्कच खराब निघाली' म्हणता आलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं.

"आत्या, तू सगळं लिहिलं होतंस. मी घालवलं." मग खुणेचं सगळं सांगितलं आणि शिव्या खायला तयार होऊन बसलो.

"म्हणजे कालची तेवीस लिहिली होती मी?"

"हो."

"परवाचीही?"

"तीही."

"मग चूक कोणाची?"

"माझी."

"नीट सांग."

"माझी, आत्या. शंभर टक्के माझी."

तिने डोळे पुसले आणि धाकट्या आत्याला फोन लावला. "धर, हिलाही सांग. आठवडाभर रडवलंय मी तिला."

मी सांगितलं. आत्या शेजारी उभी राहून एकेक शब्द ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "आता स्पीकरवर. पुन्हा पहिल्यापासून."