ट्रकला बसवलेल्या थापा

“यावर तुझा विश्वास बसायचा नाही, वांडा जो,” ऑर्लंड स्टफल म्हणाला, “पण या ट्रकनं पूल ओढून नेलाय. पुलावरून काही नेलं नाही हां. पूलच नेला.”

दातांत काडी धरून वांडा जो केस्टरसन ट्रकभोवती तिसरी फेरी घालत होती. खालच्या खोऱ्यात तिची दोनशे गुरं होती, दोन नवरे तिनं पुरले होते, आणि समोरच्यानं सांगितलेल्या किमतीला तिनं जन्मात काही विकत घेतलं नव्हतं.

ऑर्लंडचं तोंड हसत होतं, डोळे मात्र घड्याळावर होते. आज शनिवार. दुपारी बारापर्यंत ट्रक गेला नाही, तर त्याचं गॅरेज जाणार होतं.

त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी ऑर्लंडनं मेव्हण्याकडून हा म्हातारा पिकअप ट्रक पंधराशे डॉलरला घेतला. तळाच्या पत्र्याला एवढं भोक होतं की पायाखालून रस्ता पळताना दिसे. ऑर्लंडला ते सोयीचंच वाटे, कारण तंबाखू थुंकायला खिडकी उघडावी लागत नसे. पण एका पावसाळी दिवशी त्या भोकातून जिवंत बेडूक आत आला आणि नेमका त्याच्या बायकोच्या, व्हर्डाच्या, मांडीवर बसला. तेव्हा पत्रा नवा टाकावा लागला. नव्या पत्र्यापुढे सीट कळकट दिसायला लागली, म्हणून सीट बदलली. नव्या सीटवर बसून बघितलं तर बाहेरचा रंग अगदीच उडालेला वाटला. मग रंग. एवढ्या देखण्या गाडीनं दम्यासारखं खोकावं हे बरं दिसेना, म्हणून इंजिन. मग चकचकीत धुराडी, मग पाच भोंग्यांचा हॉर्न. चार आण्याची कोंबडी कधीच शिजून खाऊन झाली होती, मसाला मात्र कुटणं चालूच होतं.

व्हर्डानं तीन वर्षं तोंड उघडलं नाही. एके दिवशी तिनं पावत्यांची पिशवी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली.

“सव्वा पौंड,” ती म्हणाली. “पावत्याच सव्वा पौंड भरल्या, ऑर्लंड. आकडा तू सांगतोस की मी वाचू?”

आकडा अकरा हजार होता.

“गाडीत घातलेले पैसे कुठे जात नाहीत,” ऑर्लंड म्हणाला. “विकताना परत येतात.”

“बरं. मग आण परत. मेच्या शेवटच्या शनिवारी, बाराच्या आत. आले तर दुसरी गाडी घे, तिसरी घे, मी हूं की चूं करणार नाही. नाही आले तर गॅरेज माझं. माझी गोधड्या शिवायची चौकट जेवणाच्या टेबलावरून उठेल आणि आपण पुन्हा माणसांसारखे बसून जेवू.”

घरात ऑर्लंडला बूट काढून वावरावं लागे. गॅरेजात तो बुटांसकट राजा होता. एक रेडिओ, एक मोडकी खुर्ची आणि दुसऱ्या मोडक्या खुर्चीत त्याचा मित्र डब हॅस्क्यू, एवढं त्याचं राज्य.

ऑर्लंड आधी गावातल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्यानं भावाचं पुस्तक उघडलं. “तेवीसशे.”

“इंजिन नवं आहे.”

“असेल. तेवीसशे.”

“रंग बघा की जरा.”

“बघितला. तेवीसशे.”

“आणि ही चकचकीत धुराडी?”

व्यापाऱ्यानं वाकून धुराडी पाहिली. “ही असतील तर बावीसशे.”

ऑर्लंड घरी येऊन मोडक्या खुर्चीत असा बसला की तिचा आणखी एक पाय गेला. तेव्हा डबनं त्याला ज्ञान दिलं.

“ऑर्ली, तुझ्या गाडीत सगळं नवं घातलंस, तिथेच चुकलं. जुन्या वस्तूला भाव कशाचा येतो? गोष्टीचा. माझ्या आजोबांची गंजकी बंदूक आहे ना, तिला दोन माणसं मागणी घालून गेलीत. का? तर ती लढाईत होती.”

“खरंच होती?”

“मी सांगतो ना, होती म्हणून.”

ऑर्लंडला पटलं. एवढे भाग बसवले, आता एक गोष्ट बसवायची. तिला ना पाना लागतो ना पावती फाटते.

तर तो पूल.

“कुठे नेला?” वांडा जोनं विचारलं. दहा मिनिटांतला तिचा पहिला शब्द.

“नऊ फूट, नदीच्या वरच्या अंगाला. पुरात गवताची गाडी पुलात अडकली होती. मी साखळी बांधली अन् हळूच पाय दाबला. गाडी काही सुटेना, पूलच मागे आला. जिल्ह्याला नकाशा नव्यानं छापायला लागला.”

वांडा जोनं डबकडे पाहिलं.

“नकाशा मी पाहिलाय,” डब म्हणाला. मयताला आल्यासारखा चेहरा होता त्याचा.

“आणि या स्प्रिंगा?”

“स्प्रिंगचं तर विचारूच नकोस. डॅशबोर्डवर ग्रेव्हीची बशी ठेवून चर्चपर्यंत गेलोय. अकरा मैल, सगळी खडी. थेंब सांडला असेल तर नाव बदलीन. वर साय तेवढी धरली.”

“माझ्या ग्रेव्हीवर साय धरत नाही!” ओसरीवरून आवाज आला. व्हर्डा तिथे मांडीवर गोधडीचे तुकडे घेऊन बसली होती.

“गार झाली म्हणून गं, राणी.”

“गार झाली तरी नाही धरत.”

“हॉर्न,” वांडा जो म्हणाली.

“हॉर्न एकदाच वाजवलाय, रविवारी, चर्चच्या वळणावर. लोकांना वाटलं, शेवटचा दिवस आला. चार जण बाप्तिस्मा घ्यायला तसेच नदीत पळाले. त्यातला एक तर दुसऱ्याच चर्चचा होता.”

वांडा जोच्या तोंडातली काडी डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात गेली. तिला ओळखणारे सांगतात, हे तिचं खो खो हसणं.

“किती म्हणालास?”

“अकरा.”

“पुस्तकात तेवीसशे आहे. मीही बघून आलेय.”

“पुस्तक लिहिणारा यात बसला होता का कधी?”

तिनं ट्रकच्या नाकावर हात फिरवला. “एक विचारते. ट्रक मी नेला, तर या गोष्टी माझ्या ना? का उद्या गावात तूच सांगत फिरशील?”

“गोष्टी ट्रकबरोबर. फुकट. माझ्या तोंडून परत निघाली तर जीभ झडो.”

“हं,” वांडा जो म्हणाली. “मुके ट्रक माझ्याकडे चार आहेत.”

आणि तिनं पर्समधून चेकबुक काढलं, ट्रकच्या नाकावर ठेवलं, पेनचं टोपण उघडलं. ऑर्लंडनं गॅरेजकडे चोरून पाहिलं. डबनं हळूच टोपी काढून छातीशी धरली. बाराला बारा मिनिटं कमी होती. ओसरीवर व्हर्डाची सुई थांबली होती.

तारीख लिहून झाली. स्टफल लिहून झालं. ‘फ’ला थोडी शाई जास्त लागली, एवढंच. मग मान वर न करता वांडा जोनं विचारलं, अगदी हवापाण्याचं विचारावं तसं, “माझ्याआधी कुणी बघून गेलं का रे?”

याचं उत्तर एका शब्दाचं होतं. ‘नाही.’ डब डोळ्यांनी तेच सांगत होता, टोपीनं तेच सांगत होता. पण ऑर्लंडची जीभ आता इंजिनासारखी तापली होती, आणि तिला ब्रेक बसवायचं तेवढं राहून गेलं होतं.

“गेलं की! सेंट लुईसचा एक डॉक्टर. एप्रिलात आला होता. बारा हजार, रोख.”

“अन् दिला नाहीस?”

हा प्रश्न येईल असं ऑर्लंडला वाटलंच नव्हतं. “त्याला… त्याला गिअर टाकता येईना. अशाच्या हाती गाडी देववेना बघ. बिचारा रडकुंडीला आला. एवढ्या लांबून आलेला, आता रिकाम्या हातानं कसं पाठवायचं माणसाला? आपली काही रीत आहे की नाही? म्हटलं, चल डॉक्टर, गाडी नाही तर नाही. आणि त्याला माझी अळंबीची जागा दाखवली. पिशवी भरून घेऊन गेला.”



आमच्या डोंगरांत एप्रिलच्या तीन आठवड्यांत ती मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार अळंबी उगवते, मरायला टेकलेल्या एल्मच्या झाडाखाली. लोण्यात तळली की माणूस ताटाला पाया पडतो. इथला माणूस तुम्हाला बँकेतली शिल्लक सांगेल, मूळव्याध सांगेल, शेजारणीचं काय चाललंय तेही सांगेल. अळंबीची जागा सांगणार नाही. ऑर्लंडच्या बापानं ती मरताना सांगितली, आणि तीही ऑर्लंडच्या आईला खोलीबाहेर पाठवून.

डबनं छातीवरची टोपी उचलली आणि तोंडावर ओढून घेतली.

वांडा जोचं पेन ‘अकरा ह’पाशी थांबलं होतं. पूल तिनं गिळला होता, बाप्तिस्मा गिळला होता; अळंबी मात्र घशाखाली उतरेना. तिनं पेनला टोपण घातलं. तोंडातली काडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि गवतात टाकून दिली.

ऑर्लंडनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण ओसरीवर व्हर्डा उठून उभी राहिली होती. मांडीवरचे तुकडे पायऱ्यांवरून घरंगळत खाली चालले होते आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

“खोटं!” ती ओरडली, आणि ते निम्म्या खोऱ्याला ऐकू गेलं असेल. “एक्केचाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. दर एप्रिलात माझ्या डोळ्यांना फडकं बांधून मला त्या रानात नेतोस, वर तीन वेळा गोल गोल फिरवतोस. आणि सेंट लुईसच्या डॉक्टरला उघड्या डोळ्यांनी दाखवलीस? साफ खोटं, ऑर्लंड स्टफल! कुणी आलंच नव्हतं!”