बाधित व्यक्ती

सहदेवने टेपचे एक टोक आपल्या कुंपणाच्या दगडाखाली दाबले आणि दुसरे ओढत जनकाबाईच्या पुढच्या अंगणात नेले. दुपारचे साडेबारा झाले होते. संघपालच्या तिसऱ्या मजल्याची सावली जनकाबाईचे पत्र्याचे घर ओलांडून आली होती, पण सहदेवच्या कुंपणाअलीकडेच थांबली होती.

"पोचली काय?" त्याच्या बायकोने, महामायाने, ओट्यावरून विचारले.

"दीड फूट कमी."

"घरावर सावली नाही पडत म्हणून रडणारा माणूस मी पयलाच पाह्यला."

चिखलीच्या त्या गल्लीत तीन घरे ओळीने होती. एका टोकाला संघपाल, मध्ये जनकाबाई, दुसऱ्या टोकाला सहदेव. दहा वर्षे गल्लीत सगळ्यांत उंच घर सहदेवचे होते. पत्ता सांगताना लोक म्हणायचे, सहदेवभाऊच्या दोन मजल्याजवळ. दिवाळीनंतर संघपालने तिसरा मजला चढवला आणि लोक त्याच्या घराची खूण सांगू लागले. सहदेवच्या पोटात दुखले ते तेव्हापासून.

मजल्याला परवानगी नव्हती, हे त्याने आठवडाभरात शोधून काढले. नगरपालिकेने संघपालला नोटीस दिली आणि तिथेच विषय संपला. मग सहदेवने थेट लोकायुक्तांकडे तक्रार पाठवली. काल उत्तर आले. तक्रार बाधित व्यक्तीनेच करावी. आपला भूखंड लगतचा नाही. आपणांस कोणती बाधा पोहोचली, ते नमूद नाही.

बाधा होती ना! सकाळी डोळे उघडले की तो मजला दिसायचा आणि चहा बेचव व्हायचा. पण हे अर्जात कसे लिहिणार?

टेप गुंडाळून तो घरात गेला, नवा अर्ज लिहून घेऊन आला आणि जनकाबाईच्या दारात उभा राहिला. भरदुपारी तिच्या घरात बल्ब जळत होता.

"बाई, एक सही पायजे. तुमच्याच भल्याची."

जनकाबाईने हात पुसले, चष्मा लावला आणि बल्बखाली जाऊन अर्ज सावकाश वाचला. शेजारच्या बांधकामामुळे माझ्या घरातील उजेड व वारा बंद झाला आहे, असे त्याने तिच्या नावाने लिहिले होते.

"हे खरं लिव्हलं भाऊ तुमी," ती म्हणाली. "मी गेलती एकडाव नगरपालिकेत. ते म्हणे, आपसात पाहून घ्या. त्याच्यावर बी कोणाले सांगता येते, हे मले मालूमच नव्हतं."

"येते ना! तुमाले तं येतेच. मले नाही येत, तुमाले येते." बोलता बोलता त्याला तिचाही हेवा वाटून गेला.

"मंग यात एकच भिंत काऊन?"

"म्हंजे?"

जनकाबाईने संघपालच्या बाजूची खिडकी उघडली. हातभर अंतरावर सिमेंटची भिंत होती. मग ती मागे, दोन्ही घरे जवळजवळ भिडली होती तिथे, चुलीकडे गेली आणि दुसऱ्या बाजूची खिडकी उघडू लागली. फळी चार बोटे सरकली आणि ठक्कन अडली.

"हे भिंत कोणाची?"

भिंतीचा तो रंग सहदेवने स्वतः बुलढाण्याहून निवडून आणला होता.

"तुमच्या घरभरणीच्या दिवशी याच घरात बसून मी पोळ्या केल्या. पयल्यांदा दिवसा बल्ब लावला तो तवाच." तिच्या आवाजात राग नव्हता. "संघपालभाऊनं अर्धा उजेड नेला. अर्धा आंधीच गेलता."

"बाई, ते जुनं झालं आता. द्या तो कागद, मी पुन्हा नीट लिहून आणतो."

"तुमी कायले तरास घेता? माही पोरगी संजीवनी येईन कालेजातून. ते लिव्हीन दोन्ही भिंतीचं."

तिने अर्जाची घडी केली आणि पिठाच्या डब्याखाली सरकवली. सहदेव हात पुढे करून तसाच उभा राहिला. लोकायुक्तांचा पूर्ण पत्ता त्या अर्जावर होता, पिनकोडसकट, त्याच्याच सुवाच्य अक्षरात.