कोपऱ्यातलं भोक

घाटकोपरला मेट्रोतून उतरताना अक्षताच्या घड्याळात नऊ एकेचाळीस झाले होते. मुलाखत दहाला होती. प्रयोगशाळा स्टेशनच्या जिन्यापासून चालत सहा मिनिटांवर. ते तिने कालच येऊन मोजलं होतं. दहानंतर आत घेणार नाहीत, असं पत्रात दोनदा लिहिलं होतं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन चौदा महिने झाले होते आणि बोलावणं आलेली ही पहिलीच जागा.

तिने बॅगेत हात घातला. मेट्रोचं कार्ड एका लाल नाडीला लटकत बाहेर आलं. विचार करायला वेळ नव्हता. तिने ते फाटकावर टेकवलं. काहीच झालं नाही. पुसून टेकवलं. उलटं करून टेकवलं.

"अगं बाजूला हो ना," मागची बाई म्हणाली, "आमचं तरी होऊ दे."

अंधेरीला हेच कार्ड पहिल्या फटक्यात चाललं होतं. अक्षता बाजूला झाली आणि तिने कार्ड नीट पाहिलं. उजव्या कोपऱ्यात एक स्वच्छ, गोल भोक होतं. त्यातून फायलीला बांधतात तसली नाडी ओवलेली होती.

"बाबा."

दशरथ फाटकापलीकडे पोचले होते. कार्डावर त्यांचा विश्वास नव्हता. ते खिडकीवर कागदी तिकीट काढत. "काय झालं गो?"

"हे भोक कोणी पाडलं?"

"मी. तू गाडीत वाचत होतीस, बॅग माझ्याकडे होती. वर्षात दोन कार्डं हरवलीस. आता हरवून दाखव."

दशरथांची एकतीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड विभागात गेली होती. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना खिशात मावणारं, चिमट्यासारखं पंच दिलं. तेव्हापासून घरात भोक पडण्याजोगी एकही वस्तू बिनभोकाची राहिली नव्हती. विजेची बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, कालनिर्णयाची फाडलेली पानंसुद्धा नाडीत ओवून खिळ्याला लटकत होती.

अक्षताने मोबाईलचा टॉर्च लावून कार्ड त्याच्यासमोर धरलं. कडेकडेने फिरणारी तारेची वेटोळी सावलीसारखी दिसली. भोक बरोबर त्यांच्यावर होतं.

"बाबा, कार्डात बॅटरी नसते. फाटकाजवळ नेलं की या तारेत वीज तयार होते आणि तेवढ्यावर आतली चिप चालते. तुम्ही तार तोडलीत."

"एवढ्याशा भोकाने? अगो, मुद्दाम कोपऱ्यात पाडलंय. छापलेल्या एका अक्षराला धक्का लागलाय का बघ."

अक्षरांना खरंच धक्का लागला नव्हता. ती मदत खिडकीकडे धावली. नऊ सेहेचाळीस.

खिडकीला दोन बाजू होत्या, एक आतल्यांसाठी, एक बाहेरच्यांसाठी. मध्ये बसलेल्या मुलीच्या बिल्ल्यावर श्रुतिका असं नाव होतं. तिने कार्ड यंत्रावर चार वेळा ठेवून पाहिलं.

"मॅडम, हे रीड होत नाहीये. तुम्ही कुठून आलात?"

"अंधेरी. नऊ अठराला."

"ते तुम्ही सांगताय. कार्ड सांगत नाहीये ना."

"कार्ड मेलंय. ते कसं सांगेल?"

"म्हणूनच अर्ज भरावा लागेल."

अक्षताने अर्ज भरला. नाव, पत्ता, मोबाईल, कार्ड बंद पडण्याचं कारण. तिथे तिने 'वडील' लिहिलं, ते खोडून 'आतली तार तुटली' लिहिलं. नऊ बावन्न.

"आता कार्ड अर्जाला जोडायचं," श्रुतिका म्हणाली. "पिन नाही मारायची, प्लास्टिक फुटतं. काल तसा एक अर्ज परत आला. नाडीनेच बांधायचं." तिने खण उघडला, बंद केला, दुसरा उघडला. "आमचं पंच कोणी नेलं देव जाणे. दहा मिनिटं थांबता?"

"माझ्याकडे आठ आहेत."

बाहेरच्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. दशरथांनी फटीतून पंच आत सरकवलं. "कार्डाला पाडायची गरज नाही," ते शांतपणे म्हणाले, "ते झालेलं आहे. कागदाला पाडा, मार्जिनमध्ये."

श्रुतिकाने कागदाला भोक पाडलं, तीच लाल नाडी दोन्हींतून ओवली, सुरेख गाठ मारली. "अरे वा काका, हे बरं केलंत. कार्डाला आधीच भोक पाडून कोणी आणत नाही." तिने अक्षताला बाहेर जायचा पास दिला. नऊ चोपन्न.

अक्षता पळत सुटली. मागून दशरथ पंच खिशात घालत, धापा टाकत. "मी म्हटलं होतं ना, उपयोगी पडतं." तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी बोलली असती, आणि बोलायला चाळीस सेकंद लागले असते.

प्रयोगशाळेच्या दारावर नऊ एकोणसाठला तिने वहीत सही केली. वॉचमनने तिच्या गळ्यात पाहुण्यांचं कार्ड अडकवलं. तिने दाराला टेकवलं. टुक झालं, हिरवा दिवा लागला.

आत पाऊल टाकताना तिची नजर कार्डावर गेली. वरच्या कडेला मधोमध लांबट भोक, निळी फीत त्यातून ओवलेली. बनवणाऱ्यांनी तिथे तार वळवून जागा सोडली असणार.

"अक्षता," कुंपणाबाहेरून दशरथांचा आवाज आला, "ह्या कार्डाला भोक आहे की नाही?"

दार बंद होत होतं. "आहे," ती म्हणाली.